बरणी परत पाठव

मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी
आमच्या विद्यापीठाची वसतिगृहं ओकतात.
सकाळी सातलाच डेलबर्टने हातमोजे दिले,
तासाला अकरा डॉलर, जेवण आपलं आपण,
आणि म्हणाला, टाकलेल्याचे तीन ढीग लाव:
दान, कचरा, आणि मला विचार.

पहिल्या तासात निघाले
चार छोटे फ्रिज, एकात दुधाचं दही झालेलं,
किमतीची चिठ्ठी न काढलेले बूट,
बर्फावर घसरायची एकच काठी,
आणि आरसे, किती आरसे.
आरशाला आरसा टेकवत डेलबर्ट म्हणाला,
माझ्या घरातली एकूण एक चादर इथली आहे,
आणि हसला.
मी हसले नाही. माझ्या टेबलावरचा दिवासुद्धा
गेल्या वर्षीच्या ढिगातलाच होता.
पायपर त्याला विंटेज म्हणायची.

पायपर वाईट नव्हती.
शिष्यवृत्ती हा शब्द तिने माझ्यासमोर कधी काढला नाही,
सुतकाच्या घरात आपण हसू आवरतो, तसा.
तिचा कोट मी दोन हिवाळे घातला.
महिनाअखेरीला पलंगावर आडवी पडून ती म्हणायची,
कडकी आहे गं, भयंकर कडकी,
आणि चौघींसाठी सुशी मागवायची.
मी मान हलवायचे.
आमच्याकडे कडकी म्हणजे
आईने विजेचं बिल न फोडता
फ्रिजवर ठेवून देणं,
जो फ्रिज त्या बिलावरच चालायचा.

दहाच्या सुमाराला, तिसऱ्या मजल्यावरच्या काळ्या पिशवीत,
योगाच्या चटईत गुंडाळलेली
ती सापडली.
सफरचंदाचा मुरंबा. अर्ध्या लिटरची काचेची बरणी.
झाकणावर चिकटपट्टी, आणि तिच्यावर
पॅकिंग खात्यात बावीस वर्षं खोकी लिहून
सरळ झालेलं आईचं अक्षर:
पायपरसाठी. बरणी परत पाठव.

सील शाबूत.

सप्टेंबरात मला सोडायला आली तेव्हा
दोन बस बदलून आईने ती मांडीवर आणली होती.
पायपरने तिला मिठी मारली होती, खरीखुरी,
मी समोर उभी होते.
आई पुढे आठवडाभर फोनवर
त्या मिठीबद्दलच बोलत होती.

कुठल्या ढिगात, डेलबर्टने विचारलं.
मी म्हटलं, तुलाच विचारतेय.
त्याने बरणी उजेडात धरली, तिरकी केली,
चिकटपट्टी वाचली, मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
रंग बघ कसा आलाय,
कोणीतरी दिवसभर उभं राहून ढवळलंय,
आणि माझ्या डब्याच्या पिशवीत ती ठेवून
पुढचा फ्रिज ओढायला गेला.

रात्रीच्या बसमध्ये, चार्ल्सटनच्या अलीकडे कुठेतरी,
मी झाकण उघडलं.
टक्.
आठ महिन्यांनी आत हवा शिरली, तीही बसमधली.
शेजारी झोपलेला माणूस आवाजाने जागा झाला,
खाणीतल्या पाळीवरून परतत असावा,
नखांभोवती काळी रेघ होती.
त्याला मी प्लास्टिकचा चमचा दिला.
त्याने चाखलं, जिभेवर घोळवलं,
अगदी प्रामाणिकपणे म्हणाला,
लवंग जरा जास्त झालीय.
खरं होतं. आईची लवंग नेहमीच जास्त होते.
रॅव्हन्स फोर्क येईपर्यंत
आम्ही दोघांनी बरणी संपवली.
स्टँडवरच्या नळाखाली मी ती विसळली.

आईने दारातच पिशवी घेतली,
बरणी काढून पदार्थासारखी हुंगली,
खिडकीतल्या रांगेत, बाकीच्या अकरांशेजारी ठेवली.
मग पाठमोरीच विचारलं,
आवडला का तिला?

मी म्हटलं,
लवंग जरा जास्त झाली म्हणाली.

आई वळली. तिचा चेहरा असा उजळलेला
मी पदवीच्या दिवशीही पाहणार नाही.
म्हणजे खाल्ला तिने, ती म्हणाली.
पुढच्या वेळी दोनच घालते.